नळकांड्यातले तेल आणि मंगलाचे तेल

विज्ञानवार्तांमध्ये एक बातमी ठरावीक काळाने परत येते. संस्था बदलते, पदार्थ बदलतो, मजकूर मात्र तोच राहतो. देशी संशोधकांनी पाण्यात विरघळणारे नवे पॉलिमर तयार केले आहे, त्यामुळे जुन्या तेलक्षेत्रांतून वीस-पंचवीस टक्के जादा तेल निघेल आणि परदेशी तेलावरचे आपले अवलंबित्व कमी होईल, असे त्यात लिहिलेले असते. सोबत पांढरा कोट घातलेल्या संशोधकांचे छायाचित्र असते. खाली अभिनंदनाचा वर्षाव होतो, शेकडो लोक बातमी पुढे पाठवतात आणि ती विस्मरणात जाते. त्या पॉलिमरचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

ही पोस्ट त्या बातमीविरुद्ध आहे. त्या संशोधनाविरुद्ध नाही. संशोधन पुष्कळदा प्रामाणिक आणि कष्टाचे असते. माझा आक्षेप आकड्याच्या प्रवासाला आहे. प्रयोगशाळेतल्या वीतभर नळकांड्यात मिळालेला आकडा मथळ्यात येईपर्यंत देशाच्या तेलसाठ्याचा आकडा होतो. या प्रवासात ज्या प्रश्नांवर सगळे विज्ञान उभे आहे, नेमके तेच गळून पडतात. विद्यार्थ्यांनी तरी ते उचलून घ्यावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मूळ गोष्ट. जमिनीखाली तेलाचे तळे नसते. तेल वाळूच्या खडकातील किंवा चुनखडीतील सूक्ष्म छिद्रांत अडकलेले असते. सुरुवातीला नैसर्गिक दाबाने काही तेल वर येते. दाब ओसरू लागला की एका विहिरीतून पाणी आत ढकलतात आणि त्या पाण्याने रेटलेले तेल दुसऱ्या विहिरीतून बाहेर काढतात. अडचण अशी, की पाणी पातळ आणि तेल दाट. दाटाला पातळाने ढकलले, की पातळ द्रव सरळ आघाडीने पुढे सरकत नाही. बोटे फुटल्यासारखा वाट काढत निसटतो. पाटाचे पाणी सगळ्या वाफ्यात पसरण्याऐवजी उंदराच्या बिळातून निघून जावे, तसेच हे. त्यातून खडकाचे थर सारखे नसतात. ज्या थराची पारगम्यता जास्त, त्यातून पाणी धावत सुटते आणि शेजारच्या घट्ट थरातले तेल जागचे हलत नाही. काही काळाने उत्पादन विहिरीतून प्रामुख्याने आपण आत घातलेलेच पाणी बाहेर येऊ लागते.

येथे जलविद्राव्य पॉलिमर उपयोगी पडते. सर्वाधिक वापरले जाते ते अंशतः जलअपघटित पॉलिअक्रिलअमाइड. एका रेणूचे वस्तुमान दोन कोटी डाल्टनच्या घरात जाऊ शकेल, इतकी लांब साखळी. साखळीवरील कार्बोक्सिलेट गटांवर ऋणभार असतो. हे भार एकमेकांना दूर लोटतात, साखळी ताणली जाते, आणि लिटरमागे एक-दोन ग्रॅम भुकटीनेही पाण्याची श्यानता कित्येक पटींनी वाढते. पाणी दाट झाले, की ते तेलाच्या मागे शिस्तीने चालते आणि घट्ट थरांतही शिरते.

पॉलिमरचे काम एवढेच आहे. ते नवे तेल निर्माण करत नाही. छिद्रांत केशाकर्षणाने घट्ट धरून ठेवलेले तेलाचे थेंब सोडवण्याचे कामही प्रामुख्याने त्याचे नाही. त्यासाठी पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये लागतात. पाण्याला जेथे पोहोचता आले नाही तेथे त्याला पोहोचवणे, हा पॉलिमरचा धर्म. जगभरच्या तेलक्षेत्रांतील अनुभव असा, की मूळ साठ्याच्या साधारण 5 ते 15 टक्के जादा तेल त्यामुळे हाती लागते. हे यश मोठे आहे, पण त्याला चमत्कार म्हणता येणार नाही.

आपल्या देशात याची सर्वांत मोठी परीक्षा राजस्थानात झाली. बाडमेर जिल्ह्यातील मंगला हे तेलक्षेत्र जानेवारी 2004 मध्ये सापडले आणि ऑगस्ट 2009 मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. तेल मेणचट, सामान्य तापमानाला गोठणारे. म्हणून ते गुजरातच्या किनाऱ्याकडे नेणारी नळवाहिनी सलग तापती ठेवावी लागते. साठ्याचे तापमान सुमारे 65 अंश सेल्सिअस. त्या तापमानाला पाण्याची श्यानता अर्ध्या सेंटिपॉइजहूनही कमी, तर तेलाची दहाच्या आगेमागे ते वीसपर्यंत. म्हणजे नुसत्या पाण्याने ढकलले, तर पाणी निसटणार हे पहिल्या दिवसापासून दिसत होते. त्यामुळे उत्पादन सुरू होण्यापूर्वीच खडकाच्या नमुन्यांवर पॉलिमरचे प्रयोग झाले, 2011 मध्ये काही विहिरींवर प्रत्यक्ष चाचणी झाली आणि 2014-15 मध्ये संपूर्ण क्षेत्रात पॉलिमर सोडण्यास प्रारंभ झाला. द्रावणासाठी थुंबली परिसरातील, पिण्यास अयोग्य अशा खाऱ्या भूजलाचा आधार घेतला गेला. जगातील मोठ्या पॉलिमर प्रकल्पांत मंगलाची गणना होते.

मंगलाची गोष्ट मी अभिमानाने सांगतो आणि त्याच वेळी तिच्यातला धडाही पुढे ठेवतो. परिस्थिती अनुकूल होती. खडक उत्तम पारगम्यतेचा होता, तापमान सहन होण्याजोगे होते, पाण्याची लवणता आवाक्यात होती, कंपनीकडे पैसा होता आणि घाईही होती. तरीसुद्धा प्रयोगशाळेपासून संपूर्ण क्षेत्रापर्यंत पोहोचायला अनेक वर्षे लागली. एके काळी देशातील कच्च्या तेलात पाचव्या हिश्शाहून अधिक वाटा उचलणाऱ्या राजस्थानचे उत्पादन आज आपल्या शिखराच्या बरेच खाली आहे. पॉलिमरने घसरण मंदावते. वार्धक्य टळत नाही. हे वाक्य मात्र कोणत्याही मथळ्यात सापडत नाही.

आता प्रयोगशाळेतल्या आकड्याकडे वळू. ठरावीक प्रयोग असा असतो: वाळू भरलेले एक नळकांडे किंवा काही सेंटिमीटर लांबीची खडकाची कांडी घ्यायची, तीत तेल भरायचे, आधी पाणी आणि मग पॉलिमरचे द्रावण सोडायचे, जादा निघालेले तेल मोजायचे. सगळा प्रयोग काही तासांत किंवा दिवसांत आटोपतो. त्यातून वीस टक्क्यांचा आकडा निघाला तर तो खोटा नसतो. त्या नळकांड्यापुरता तो खराच असतो. परंतु तेथे वाळू एकजिनसी असते, द्रावण सगळीकडे पोहोचणे भागच असते, आणि पॉलिमरला म्हातारे व्हायला वेळच मिळत नाही.

जमिनीखालचा हिशोब निराळा आहे. समजा, पाणी सोडणारी आणि तेल काढणारी या दोन विहिरींत 300 मीटर अंतर आहे. खडकातून द्रव सामान्यतः दिवसाला साधारण 30 सेंटिमीटर सरकतो. म्हणजे पलीकडे पोहोचायला हजार दिवस; जवळपास पावणेतीन वर्षे. या हजार दिवसांत पॉलिमरला 65 अंशांच्या उष्णतेत, खाऱ्या पाण्यात, खनिजांच्या सान्निध्यात आपली साखळी अखंड ठेवायची आहे. बातमीतल्या पॉलिमरची उष्णतेतील चाचणी किती दिवसांची होती? सात? तीस? पुष्कळदा हा आकडा बातमीत नसतोच.

साखळी तुटते कशी, हेही पाहण्याजोगे आहे. पहिला घाव विहिरीच्या तोंडाशीच बसतो. अरुंद झडपांतून आणि विहिरीच्या नळीला पाडलेल्या छिद्रांतून द्रावण वेगाने जाते, तेव्हा लांब साखळ्या ताणाने अक्षरशः तुटतात. दुसरा घाव ऑक्सिजनचा. द्रावणात ऑक्सिजन आणि लोह एकत्र आले, की मुक्त मूलके तयार होऊन साखळीचे तुकडे होतात. म्हणून द्रावण नायट्रोजनच्या आवरणाखाली बनवावे लागते. तिसरा घाव उष्णतेचा. तापमान वाढले की साखळीवरील अमाइड गटांचे जलअपघटन होत राहते आणि ऋणभार वाढतो. पाणी मृदू असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असेल, तर हे धनभारित आयन साखळ्यांना बांधून टाकतात आणि पॉलिमर चक्क गाळ होऊन खाली बसते. उरलेले काही खडकाच्या पृष्ठभागाला चिकटून वाया जाते.

मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्राची अडचण यातून लक्षात येते. मुंबई हाय येथे 1974 मध्ये तेल सापडले. देशाच्या तेल-इतिहासात त्याचे स्थान अद्वितीय आहे. पण तेथील मुख्य साठा चुनखडीत आहे, तापमान 100 अंशांच्या वर आहे आणि सहज उपलब्ध असलेले पाणी समुद्राचे आहे. साधे पॉलिअक्रिलअमाइड तेथे टिकणार नाही. सल्फोनेट गट असलेली, उष्णता आणि क्षार सोसणारी सहपॉलिमरे अस्तित्वात आहेत. ती महाग आहेत, आणि समुद्रातल्या फलाटावर भुकटी साठवून द्रावण करायला जागाही मर्यादित. म्हणूनच ‘देशातील जुन्या क्षेत्रांतून इतके टक्के तेल’ हा शब्दप्रयोगच अशास्त्रीय आहे. साणंद, मंगला आणि मुंबई हाय यांना एका पंक्तीत बसवणारा आकडा असू शकत नाही.

पैशाचाही हिशोब मांडू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण अवास्तव नाहीत. खडकातील एक घनमीटर छिद्रजागा घ्या. तिच्या 70 टक्के भागात मुळात तेल होते. त्या जागेत लिटरमागे दोन ग्रॅम पॉलिमर असलेले 0.7 घनमीटर द्रावण सोडले, म्हणजे 1.4 किलो भुकटी गेली. जादा तेल मूळ साठ्याच्या 8 टक्के मिळाले, तर ते 56 लिटर, म्हणजे सुमारे 0.35 बॅरल. एका जादा बॅरलमागे चार किलो पॉलिमर. भुकटीचा दर किलोला 225 रुपये धरला, तर बॅरलमागे 900 रुपये केवळ भुकटीचे. शिवाय मिश्रणाची यंत्रणा, पाणी शुद्ध करण्याचा खर्च आणि तेलाबरोबर परत येणाऱ्या पॉलिमरयुक्त पाण्याचा त्रास वेगळाच: तेल आणि पाणी लवकर विलग होत नाही, तापक नळ्यांवर थर चढतो. आता प्रयोगशाळेतील नव्या पॉलिमरची किंमत दुप्पट असली आणि जादा तेल निम्मेच मिळाले, तर हाच आकडा चौपट होतो. बातमीत टक्केवारी असते. ‘बॅरलमागे किती किलो’ हा क्षेत्रातील अभियंत्याचा पहिला प्रश्न मात्र नसतो.

स्वावलंबनाचा हिशोब तर याहून सोपा आहे. देशातील कच्च्या तेलाचे उत्पादन 2011-12 मध्ये सुमारे 3 कोटी 80 लाख टन होते. 2023-24 मध्ये ते 2 कोटी 90 लाख टनांच्या आसपास उतरले. त्याच वर्षी आयात 23 कोटी टनांहून अधिक होती. समजा, पॉलिमरच्या जोरावर देशाचे एकूण उत्पादन दहा टक्क्यांनी वाढले. ही आशावादी कल्पना आहे. तरी वाढ 29 लाख टनांची. आयातीतील घट सव्वा टक्क्याची. बॅरलला 70 डॉलर दर धरला तर वर्षाला दीड अब्ज डॉलरच्या जवळपास बचत. ही रक्कम क्षुल्लक नाही आणि तिच्यासाठी झटणे योग्यच आहे. परंतु सव्वा टक्क्याला ‘अवलंबित्व संपणार’ म्हणणे ही वाचकाची फसवणूक आहे.

आता गवारीकडे येतो, कारण या चर्चेत ती हमखास येते. बाडमेरच्या ज्या वाळूखाली मंगलाचे तेल आहे, त्याच वाळूवर गवारीचे पीक डोलते. आपल्या ताटात तिची शेंग येते. तेथे ती मुख्यतः बियांसाठी लावतात. बियांतील डिंक हेही जलविद्राव्य पॉलिमरच, आणि त्याच्या जागतिक उत्पादनात भारताचा वाटा सर्वांत मोठा. अमेरिकेतील शेल खडक फोडण्याच्या कामात या डिंकाला इतकी मागणी आली, की 2011-12 मध्ये गवारीचे भाव आभाळाला भिडले आणि मार्च 2012 मध्ये तिचा वायदेबाजार थांबवावा लागला. मग प्रश्न येतो: अमेरिकेत चालते ती गवार आपल्या मंगलाला का चालू नये? वर खारे तेल-पाणी, शेजारी देशी शेतकऱ्याचे पीक. यापेक्षा सुंदर बातमी कोणती?

बातमी सुंदर आहे, रसायनशास्त्र मात्र वेगळे बोलते. खडक फोडण्याच्या कामात डिंकाने थोडा वेळ दाट राहायचे, वाळूचे कण भेगांत नेऊन ठेवायचे आणि मग लवकर विघटित होऊन वाट मोकळी करून द्यायची असते. विघटन हा तेथे गुण. तेल ढकलण्याच्या कामात हजार दिवस टिकायचे असते. विघटन हा येथे दोष. गवारीच्या डिंकावर विद्युतभार नसल्याने खाऱ्या पाण्याचा त्याला फारसा त्रास होत नाही, हे खरे. पण जिवाणूंना तो आवडतो आणि त्यातील अविद्राव्य अवशेष खडकाची छिद्रे बुजवतो. डिंकावर अक्रिलअमाइडच्या शाखा कलम करून हे दोष कमी करता येतात. आपल्याकडे त्यावर काम होते आणि ते व्हायलाच हवे. पण त्या कामाची कसोटी पिकाच्या देशीपणावर लागत नाही. गाळणीतून द्रावण किती जाते आणि वर्षभर उष्णतेत ठेवल्यावर श्यानता किती उरते, यावर लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘प्रत्येक तंत्रज्ञान प्रयोगशाळेतूनच सुरू होते. तुम्ही नळकांड्याला हसता. मग विद्यार्थ्याने काय थेट तेलक्षेत्र मागावे?’ नळकांड्याला मी हसत नाही. मंगलाची सुरुवातही खडकाच्या कांडीवरच झाली होती. फरक पुढच्या पायऱ्यांचा आहे. तेथे खडक त्याच क्षेत्रातला होता, तेल त्याच क्षेत्राचे होते, आणि कांडीनंतर काय करायचे याचा आराखडा तयार होता. आपल्या विद्यापीठांतील विद्यार्थ्याला बहुधा बाजारातील वाळू, मिठाचे पाणी आणि मिळेल ते तेल यांवर भागवावे लागते. त्याला साठ्यातील खडक मिळत नाही, क्षेत्राचा पूर्वेतिहास मिळत नाही, वर्षभर नमुने ऑक्सिजनविरहित कोठीत तापते ठेवण्याची सोय मिळत नाही. तीन-चार वर्षांत प्रबंध संपवायचा असतो. मग तो जे मोजता येते ते मोजतो, आणि नव्या रेणूला नवे नाव देऊन शोधनिबंध लिहितो. दोष त्या विद्यार्थ्याचा नाही. त्याच्या आकड्यावर टाळ्या वाजवून त्याची अडचण झाकणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

आणि पूर्वेतिहास आपल्याकडे नाही असेही नाही. गुजरातमधील साणंद येथे 1980च्या दशकाच्या मध्यातच ओएनजीसीने पॉलिमरची चाचणी सुरू केली होती. अहमदाबादेत तेलसाठ्यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था 1978 पासून आहे. चीनने दाचिंग येथे 1990च्या दशकात पॉलिमर मोठ्या प्रमाणावर वापरायला घेतले आणि एकाच क्षेत्रातून त्याच्या बळावर वर्षाला एक कोटी टनांहून अधिक तेल काढले. आपली चाचणी त्यांच्या व्यापक वापराच्या आधीची. मग अंतर कोठे पडले? नव्या रेणूंच्या अभावाने पडले नाही. दाचिंगनेही मुख्यतः पॉलिअक्रिलअमाइडच वापरले. सातत्य, मोठ्या प्रमाणावरचे देशी उत्पादन आणि प्रत्येक विहिरीच्या अनुभवातून पुढची विहीर सुधारण्याची शिस्त यांत ते पडले.

केंद्र सरकारने 2018 मध्ये वर्धित तेलप्राप्तीसाठी धोरण आणले. त्यात जादा तेलावरील उपकरात निम्मी सूट आहे आणि क्षेत्रांची योग्यता तपासणे आवश्यक केले आहे. स्वागतार्ह पाऊल. पण कराची सूट कंपनीला मिळते. विद्यार्थ्याला माहिती मिळत नाही. नॉर्वेतील इक्विनॉर कंपनीने 2018 मध्येच आपल्या बंद झालेल्या व्होल्वे क्षेत्राचा जवळजवळ संपूर्ण माहितीसंच अभ्यासासाठी खुला केला. जगभरातले विद्यार्थी आज त्यावर शिकतात, आपलेही. भारतीय विद्यार्थ्याने उत्तर समुद्रातील विहिरी अभ्यासाव्यात आणि साणंदच्या चार दशकांच्या अनुभवाला मुकावे, ही स्थिती शोभणारी नाही. एका जुन्या देशी पॉलिमर प्रकल्पाची आत सोडलेल्या पाण्याची, दाबाची, परत आलेल्या पॉलिमरची आणि फसलेल्या विहिरींची नोंद खुली करा. शंभर नव्या रेणूंपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. फसलेल्या विहिरींची नोंद तर सर्वांत आधी.

तोवर आपल्या हाती एकच शस्त्र आहे, ते म्हणजे प्रश्न. पुढची अशी बातमी दिसली, की पुढे पाठवण्यापूर्वी हे पाच विचारा.

1. प्रयोग कोणत्या खडकावर आणि कोणत्या तेलावर झाला? प्रत्यक्ष साठ्यातल्या, की बाजारातल्या?

2. किती तापमानाला, किती दिवसांनंतर, किती श्यानता शिल्लक राहिली? पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती होते?

3. वीस टक्के हे कशाचे? मूळ साठ्याचे, की पाण्याने ढकलून झाल्यावर उरलेल्या तेलाचे? दोन्हींत मोठे अंतर पडते.

4. जादा बॅरलमागे किती किलो पॉलिमर लागले आणि किलोचा दर काय?

5. परत येणाऱ्या पाण्याचे काय करणार? उरलेले अक्रिलअमाइड एकक किती? पॉलिमर स्वतः फारसे विषारी नाही, पण हे एकक मज्जासंस्थेला घातक आहे.

या पाचांपैकी तिघांची उत्तरे बातमीत असतील, तर तिचे मनापासून अभिनंदन करा. एकाचेही नसेल, तर संशोधकाला नम्रपणे विचारा. चांगल्या संशोधकाला असा प्रश्न आवडतो. कित्येकदा त्याने उत्तर निबंधात लिहिलेलेही असते, फक्त मथळ्यापर्यंत ते पोहोचलेले नसते.

मला राग येतो तो याचाच. या विषयात खरी मौज आहे. एक लांबलचक रेणू, त्यावरचे भार, दगडातली छिद्रे, हजार दिवसांचा अंधारातला प्रवास आणि शेवटी वर येणारा जादा तेलाचा एक थेंब. हे सगळे बाजूला सारून आपण वाचकाच्या हातात एक टक्केवारी ठेवतो. टक्केवारी विसरली जाते. हजार दिवसांचा तो प्रवास एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात राहिला, तर त्यातून उद्याचा अभियंता घडू शकतो.